एक मराठी शब्द, दोन इंग्रजी शब्द : गोंधळ सोडवायचा कसा

"सिन्स" आणि "फॉर" यांतला फरक दहावीपर्यंत अनेकदा शिकवला जातो, तरी नोकरीच्या अर्जात "सिन्स थ्री इयर्स" येतेच. पाठांतर कमी पडले म्हणून ही चूक होत नाही. तिचे मूळ मराठीतल्या "पासून"मध्ये आहे. "२०१५ पासून" आणि "तीन वर्षांपासून" या दोन्ही ठिकाणी आपण एकच शब्द वापरतो, आणि डोके त्या एका शब्दासाठी इंग्रजीचाही एकच शब्द शोधते. इंग्रजीने तिथे दोन शब्द ठेवले आहेत.

नेहमी गोंधळात पाडणाऱ्या बहुतेक इंग्रजी जोड्यांचे हेच आहे. म्हणून जोडीच्या व्याख्या पाठ करू नका. गोंधळ घालणारा मराठी शब्द पकडा आणि त्याला मराठीतच एक प्रश्न विचारा. उत्तर कोणते येते त्यावरून इंग्रजी शब्द ठरतो. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे घरात अहिराणी, शाळेत प्रमाण मराठी आणि तिसरी इंग्रजी असा क्रम अनेकांचा असतो. त्यांना ही पद्धत जास्त उपयोगी पडते, कारण एका भाषेतून दुसरीत शब्द नेण्याची सवय त्यांना आधीपासून असते.

खाली इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. वहीत उतरवताना ती रोमन लिपीत लिहा, म्हणजे स्पेलिंगही हाताखालून जाईल.

पासून

प्रश्न असा विचारा : "पासून"च्या आधी आलेला शब्द "किती?"चे उत्तर आहे की "कधी?"चे? तीन वर्षे, दहा मिनिटे, बरेच दिवस ही "किती?"ची उत्तरे. तिथे "फॉर". सोमवार, २०१५, पोळा, लग्न, लहानपण ही "कधी?"ची उत्तरे. तिथे "सिन्स". नंदुरबार जिल्हा जुलै १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळा झाला. त्यावर दोन्ही वाक्ये करता येतात : "नंदुरबार हॅज बीन अ सेपरेट डिस्ट्रिक्ट सिन्स १९९८" आणि "नंदुरबार हॅज बीन अ सेपरेट डिस्ट्रिक्ट फॉर मोअर दॅन ट्वेंटी-फाइव्ह इयर्स". गोष्ट एकच, पण पहिल्या वाक्यात सुरुवातीचा खुंटा सांगितला आहे आणि दुसऱ्यात दोरीची लांबी.

शब्द बरोबर निवडला तरी काळात चूक राहते, आणि तपासणाऱ्याच्या डोळ्याला तीच आधी दिसते. "मी तीन वर्षांपासून जळगावात राहतो" हे मराठीत साध्या वर्तमानकाळात चालते. म्हणून "आय ॲम लिव्हिंग इन जळगाव" असे निघते. मागे सुरू होऊन आजही चालू असलेल्या गोष्टीला इंग्रजीत "हॅव" किंवा "हॅज" लागते : "आय हॅव बीन लिव्हिंग इन जळगाव फॉर थ्री इयर्स". क्रियापद "माहीत असणे", "ओळखणे" अशा स्थितीचे असेल तर "बीन" आणि "-इंग" दोन्ही गळतात : "आय हॅव नोन हिम फॉर टेन इयर्स".

"-इंग"चा अतिरेक मराठीतल्या "आहे"मुळेही होतो. "मला माहीत आहे" या वाक्यातला "आहे" "ॲम" होतो आणि "आय ॲम नोइंग" जन्माला येते. अहिराणीतल्या "काय करी ऱ्हायना"ला "-इंग" चपखल बसते, कारण तिथे हातातले काम चालू आहे. जाणणे, आवडणे, मालकीचे असणे यांत हातात चालू असलेले काम नसते. म्हणून "आय नो", "आय लाइक", "आय हॅव टू ब्रदर्स". "आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स" चूक, पण "आय ॲम हॅविंग टी" बरोबर, कारण चहा पिणे चालू आहे.

"फ्रॉम" कुठे? दोन्ही टोके सांगितली असतील तिथे, किंवा सुरुवात अजून व्हायची असेल तिथे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये १९२४ ते १९३० शिक्षक होते : "साने गुरुजी टॉट ॲट अमळनेर फ्रॉम १९२४ टु १९३०". दोन्ही खुंटे ठोकलेले आहेत, काळ सरलेला आहे, त्यामुळे "हॅव-हॅज"चे काम नाही. "सोमवारपासून दुकान नऊला उघडेल" हे पुढचे आहे, म्हणून "फ्रॉम मंडे".

पूर्वी, आधी, नंतर

"बिफोर टू इयर्स" ही आपल्याकडची सर्वांत चिवट चूक. "दोन वर्षांपूर्वी" आणि "लग्नापूर्वी" दोन्हीत "पूर्वी" आहे म्हणून दोन्हीकडे "बिफोर" टाकले जाते. प्रश्न विचारा : ही मोजणी आजपासून मागे होते आहे का? होत असेल तर "अगो", आणि तो शब्द नेहमी मोजलेल्या काळाच्या शेवटी येतो : "टू इयर्स अगो". मोजणी एखाद्या प्रसंगापासून होत असेल तर "बिफोर" : "बिफोर द वेडिंग", "बिफोर दिवाळी". दोन्ही एकत्र असतील, म्हणजे "लग्नाच्या दोन वर्षे आधी", तर "टू इयर्स बिफोर द वेडिंग".

पुढच्या दिशेलाही हेच. "मी दोन दिवसांनी येतो" हे आजपासून मोजले, म्हणून "इन टू डेज". "आफ्टर टू डेज" हे घडून गेलेल्या गोष्टीच्या कथनात शोभते : "ही केम बॅक आफ्टर टू डेज". इथे एक खाचखळगा आहे. "इन टेन मिनिट्स" म्हणजे साधारण दहा मिनिटे झाली की. दहाच्या आत कधीही चालेल, पण दहा ओलांडायची नाहीत असे म्हणायचे असेल तर "विदिन टेन मिनिट्स". माल पोचवण्याची वेळ लिहून देताना हा फरक पैशांत पडतो.

पर्यंत

समजा, पीक विम्याच्या अर्जाची मुदत ३१ जुलैपर्यंत आहे, आणि खिडकी पाच वाजेपर्यंत उघडी आहे. दोन्हीकडे "पर्यंत" आहे. त्याच्या जागी "च्या आत" घालून पाहा. "३१ जुलैच्या आत अर्ज भरा" हे बसते. काम एकदाच करायचे आहे आणि ती शेवटची तारीख आहे, म्हणून "बाय" : "सबमिट द फॉर्म बाय ३१ जुलै". "खिडकी पाचच्या आत उघडी आहे" हे बसत नाही. उघडे असणे पाचपर्यंत अखंड चालू आहे, म्हणून "टिल" किंवा "अन्टिल" : "द काउंटर इज ओपन टिल फाइव्ह". "कम टिल फाइव्ह" असा निरोप इंग्रजी जाणणाऱ्याला मिळाला तर तो चक्रावतो, कारण येणे पाचपर्यंत चालू ठेवता येत नाही. "अन्टिल"च्या शेवटी एकच एल, "टिल"च्या शेवटी दोन.

जागेसाठी "पर्यंत" वेगळे. "ही बस भुसावळपर्यंत जाते" : "धिस बस गोज अॅज फार अॅज भुसावळ", किंवा सरळ "अप टु भुसावळ". "टिल" वेळेसाठी राखून ठेवा.

भाडे, उसने, बंद

व्याकरणाच्या पुस्तकात न सापडणारे, पण रोज लागणारे हे शब्द आहेत.

भाडे एकच, इंग्रजीत त्याला चार घरे. घराचे, गाळ्याचे, खोलीचे भाडे "रेंट". माणसाच्या प्रवासाचे, एसटीचे वा रेल्वेचे भाडे "फेअर". ट्रकने किंवा रेल्वेने माल गेला तर "फ्रेट". सावद्याहून केळी दिल्लीला गेली तर ट्रकवाल्याला दिले ते फ्रेट, त्याच्या शेजारी बसून गेलेल्या माणसाने दिले ते फेअर. ट्रॅक्टर, मंडप, भांडी थोड्या वेळासाठी आणली तर "हायर चार्जेस". "बस रेंट किती?" असे विचारले तर समोरच्याला वाटते अख्खी बस ठरवायची आहे.

"उसने"ला दिशा नाही, पण "घेणे" आणि "देणे" यांना आहे. "बॉरो" म्हणजे उसने घेणे, "लेंड" म्हणजे उसने देणे. शेतकरी सोसायटीकडून पीककर्ज घेतो : "द फार्मर बॉरोज फ्रॉम द सोसायटी". सोसायटी शेतकऱ्याला देते : "द सोसायटी लेंड्स टु द फार्मर". शब्द लिहिण्याआधी पैसे कोणाकडून कोणाकडे निघाले याचा बाण काढा. बाण वाक्याच्या कर्त्याकडे येत असेल तर "बॉरो" आणि "फ्रॉम", कर्त्याकडून निघत असेल तर "लेंड" आणि "टु". "कॅन यू बॉरो मी युअर पेन" यात बाण उलटा आहे. "कॅन यू लेंड मी" किंवा "कॅन आय बॉरो" म्हणा.

"बंद करणे" दार, दिवा, पंखा, मोटार, दुकान सगळ्यांना चालते. "क्लोज द लाइट" हे त्याचेच फळ. ज्याला झडप, झाकण किंवा पान असते, जे मिटते, ते "क्लोज" : दार, डबा, पुस्तक, डोळे. ज्यात वीज, पाणी किंवा गॅस वाहतो ते "टर्न ऑफ" किंवा "स्विच ऑफ" : दिवा, पंप, नळ. विहिरीवरची मोटार बंद केली तर "स्विच्ड ऑफ द पम्प". ती आपोआप बंद पडली तर "द पम्प स्टॉप्ड".

कमी, थोडे, खूप

"लेस" आणि "फ्युअर" यांसाठी एक मराठी कसोटी बहुतेक वेळा चालते. वाक्य "आहे"ने संपते की "आहेत"ने, ते पाहा. "पाणी कमी आहे" : "लेस वॉटर". "घड कमी आहेत" : "फ्युअर बंचेस". केळीच्या बागेतलेच शब्द हवे असतील तर घड म्हणजे "बंच", फणी म्हणजे "हँड" आणि सुटे केळे म्हणजे "फिंगर". हे तिन्ही मोजता येतात, म्हणून तिन्हींना "फ्युअर". याच कसोटीवर "मच" आणि "मेनी" ठरतात : "मच वॉटर", "मेनी बंचेस".

कसोटी कुठे फसते तेही पाठ असू द्या. "पैसे कमी आहेत", "केस गळले आहेत", "तांदूळ संपले आहेत" ही मराठीत अनेकवचने, पण "मनी", "हेअर", "राइस" इंग्रजीत मोजायचे नसतात. म्हणून "लेस मनी". उलट सल्ला, बातमी यांना मराठीत "एक" लावता येते, इंग्रजीत नाही. माहिती, सामान, फर्निचर हेही इंग्रजीत मोजायचे नसतात. "ॲन ॲडव्हाइस", "इन्फर्मेशन्स", "फर्निचर्स" ही तिन्ही रूपे चूक. एकच सल्ला असेल तर "अ पीस ऑफ ॲडव्हाइस". "न्यूज"च्या शेवटी एस असला तरी तो एकवचनी : "द न्यूज इज ट्रू".

किलोमीटर, रुपये, तास मोजता येत असूनही "लेस दॅन" घेतात, कारण तिथे एकूण माप मनात असते : "लेस दॅन ट्वेंटी किलोमीटर्स", "लेस दॅन फाइव्ह हंड्रेड रुपीज". "लेस" आणि "फ्युअर"चा हा भेद इंग्रजीत फार जुना नाही. १७७० मध्ये रॉबर्ट बेकर यांनी स्वतःची पसंती म्हणून तो मांडला आणि पुढच्यांनी त्याचा नियम केला. बोलताना इंग्रजही तो मोडतात. पण स्पर्धा परीक्षेच्या पेपरात तो धरला जातो, त्यामुळे पेपरात तो पाळाच.

"फ्यू" आणि "अ फ्यू" शिकवताना "नकारार्थी", "होकारार्थी" असे शब्द वापरले जातात आणि मुले आणखी गोंधळतात. मराठीत या फरकासाठी एक अक्षर आहे : च. "अ फ्यू" म्हणजे थोडे. "फ्यू" म्हणजे थोडेच. "थोडी मुले आली" : "अ फ्यू बॉइज केम". "थोडीच मुले आली", म्हणजे अपेक्षेपेक्षा कमी, हिरमोड झाला : "फ्यू बॉइज केम". "अ लिट्ल वॉटर" म्हणजे थोडे पाणी, काम भागेल. "लिट्ल वॉटर" म्हणजे थोडेच, भागणार नाही. हा "च" एकदा हाताला लागला की ही जोडी पुन्हा चुकत नाही.

पण "च"चे भाषांतर सगळीकडे "ओन्ली" करू नका. "मी इथेच आहे" म्हणजे "आय ॲम हिअर ओन्ली" नव्हे, "आय ॲम राइट हिअर".

"खूप"साठी "व्हेरी" की "टू" (टी-ओ-ओ)? मे महिन्यात भुसावळ खूप तापते : "भुसावळ इज व्हेरी हॉट इन मे". रस्ता इतका तापला आहे की अनवाणी चालता येत नाही : "द रोड इज टू हॉट टु वॉक ऑन बेअरफुट". "टू"मागे नेहमी एक "नाही" लपलेली असते. वाक्यात ती नसेल तर "व्हेरी" घ्या. म्हणून "टू ब्यूटिफुल" ही स्तुती होत नाही.

जिथे मराठीला आधीच कळते

काही जोड्यांत मराठी इंग्रजीपेक्षा स्वच्छ आहे, आणि तरी तिथे चुका होतात, कारण आपण मराठीला विचारतच नाही. ऐकू येणे म्हणजे "हिअर", लक्ष देऊन ऐकणे म्हणजे "लिसन टु". दिसणे "सी", पाहणे "लुक ॲट", आणि हलती गोष्ट बघत राहणे, म्हणजे सामना किंवा टीव्ही, "वॉच". आणणे "ब्रिंग", नेणे "टेक". म्हणणे "से", सांगणे "टेल", बोलणे "स्पीक" किंवा "टॉक".

आठवण ठेवणे म्हणजे "रिमेंबर", आठवण करून देणे म्हणजे "रिमाइंड", आणि आठवण येणे, कोणी दूर असताना, म्हणजे "मिस". "आय ॲम रिमेंबरिंग यू" असे आईला लिहू नका, "आय मिस यू" लिहा.

याच जातीची एक जोडी भल्याभल्यांना अडवते : "राइज" आणि "रेझ". मराठीत वाढणे आणि वाढवणे. हतनूर धरणाचे पाणी वाढते : "द वॉटर ॲट हतनूर इज रायझिंग". व्यापारी भाव वाढवतो : "द ट्रेडर रेझेस द प्राइस". ज्या मराठी क्रियापदात "व" शिरला, जिथे कोणीतरी करवणारा आहे, तिथे "रेझ". भूतकाळ वेगवेगळा आहे : राइज, रोझ, रिझन, आणि रेझ, रेझ्ड, रेझ्ड. "लाय" आणि "ले" यांचेही तसेच. "लाय" म्हणजे आडवे पडणे, "ले" म्हणजे खाली ठेवणे. इथे घोटाळा मोठा आहे, कारण "लाय"चा भूतकाळ "ले"च आहे : लाय, ले, लेन. ठेवणे असेल तर : ले, लेड, लेड. "तो खाटेवर पडला" हे "ही ले ऑन द कॉट". "त्याने पिशवी जमिनीवर ठेवली" हे "ही लेड द बॅग ऑन द ग्राउंड". चूक टाळायला सोपा मार्ग : परीक्षेत विचारले नसेल तर ठेवण्यासाठी "पुट" वापरा.

"येतो हं" म्हणून घरातून निघणे ही आपली रीत, त्यामुळे निघताना "आय कम" तोंडात येते. निघताना "आय ॲम लीव्हिंग" किंवा "सी यू लेटर". मात्र फोनवर "मी तुझ्याकडे येतो" असेल तर "आय ॲम कमिंग टु युअर प्लेस" बरोबर आहे.

ला, वर, शी, विषयी आणि अहिराणीचा मा

इंग्रजी शब्द बरोबर निवडूनही वाक्य बिघडते, कारण मराठीचा प्रत्यय त्याच्या शेपटीला लागून येतो. "मला सांगितले", अहिराणीत "माले", यातला "ला" किंवा "ले" "टु" होऊन येतो : "टोल्ड टु मी". "टेल", "आस्क", "आन्सर", "रीच" यांना माणसाआधी किंवा ठिकाणाआधी "टु" लागत नाही : "टोल्ड मी", "आस्क्ड हिम", "रीच्ड धुळे". "से"ला मात्र लागतो : "सेड टु मी". "एखाद्या विषयावर चर्चा" म्हणून "डिस्कस अबाउट" होते. "डिस्कस"च्या पोटात "अबाउट" आहेच : "वी डिस्कस्ड द प्राइस". "त्याच्याशी लग्न" म्हणून "मॅरीड विथ", हवे "मॅरीड टु". "माझ्यावर रागावला" म्हणून "अँग्री ऑन मी", हवे "अँग्री विथ मी".

"ॲफेक्ट" आणि "इफेक्ट" खरे इथेच बसतात. "पावसाचा कापसावर परिणाम झाला" यातल्या "वर"मुळे "अफेक्टेड ऑन" लिहिले जाते. "ॲफेक्ट" क्रियापद आहे, त्याला "ऑन" नको : "द रेन अफेक्टेड द कॉटन". "इफेक्ट" नाम आहे, त्याला "ऑन" हवाच : "द रेन हॅड अ बॅड इफेक्ट ऑन द कॉटन". शब्दाआधी "द" किंवा "ॲन" ठेवता आला तर "इफेक्ट", ई-ने सुरू होणारा.

स्थळाचा "त" किंवा अहिराणीचा "मा" इंग्रजीत वेगवेगळ्या ठिकाणी फुटतो. जळगावमा "इन जळगाव", गाडीमा पाहावे लागते. कारमध्ये, रिक्षात बसून जातो : "इन द कार", "इन द रिक्षा". बसमध्ये, रेल्वेत उठून चालता येते : "ऑन द बस", "ऑन द ट्रेन". मोटारसायकल, सायकलवर बसतो : "ऑन". वेळेसाठी घड्याळाला "ॲट", वाराला आणि तारखेला "ऑन", महिन्याला व वर्षाला "इन". सकाळी "इन द मॉर्निंग", पण रविवारी सकाळी म्हटले की वार जिंकतो : "ऑन संडे मॉर्निंग". रात्री मात्र "ॲट नाइट".

"बिट्वीन" दोनांत आणि "अमंग" अनेकांत, असे शिकवतात. ते अर्धेच खरे. वेगवेगळी नावे घेतली तर तीनांतही "बिट्वीन" चालते : "बिट्वीन धुळे, जळगाव अँड नंदुरबार". गर्दीत, घोळक्यात असेल तर "अमंग".

कानाला एक, कागदावर दोन

इथे मराठी अर्थ स्पष्ट असतो, फसवते ते स्पेलिंग. "इट्स"मध्ये टी आणि एसच्या मध्ये वरचे चिन्ह कधी द्यायचे? शब्द उघडून "इट इज" किंवा "इट हॅज" वाचा. बसले तर चिन्ह द्या. मराठीत "त्याचा, त्याची" असा अर्थ असेल तर चिन्ह नको. "हिज" आणि "हर" यांना चिन्ह नसते, तसेच मालकीच्या "इट्स"लाही नसते. "युअर" आणि "यू आर"चे तेच. "देअर"ची तीन रूपे : त्यांचा असेल तर टी-एच-ई-आय-आर, तिथे असेल तर टी-एच-ई-आर-ई, ते आहेत असेल तर "दे"ला चिन्ह लावून आर-ई. दुकानाच्या पाटीवर अनेकवचनाला हे चिन्ह लावण्याची खोड मोडा. "मोबाइल्स"मध्ये ते नको.

दॅन म्हणजे पेक्षा, ए-ने लिहा. देन म्हणजे मग, ई-ने. "लूझ" म्हणजे हरवणे किंवा हरणे, एक ओ. "लूस" म्हणजे सैल, दोन ओ. आपल्या लिपीत स आणि झ वेगळे आहेत, त्याचा फायदा घ्या : ॲडव्हाइस नाम, सी-ने, ॲडव्हाइझ क्रियापद, एस-ने.

"स्टेशनरी" दोन आहेत. अचल, म्हणजे जागेवर उभी, ती ए-आर-वाय : अचलचा अ म्हणजे ए. वह्या-पेनांची ती ई-आर-वाय. "प्रिन्सिपल"ही दोन. प्राचार्य असेल तर पी-ए-एल, आचार्यांचा आ म्हणजे ए. तत्त्व असेल तर पी-एल-ई. कर्जाचे मुद्दल पी-ए-एल, कारण तीच मुख्य रक्कम.

एक अर्ज दुरुस्त करून पाहू

डाळ मिलमध्ये काम करणाऱ्या एका काल्पनिक तरुणाचा हा अर्ज. वाचताना प्रत्येक चुकीमागचा मराठी शब्द ओळखा.

"आय ॲम वर्किंग इन अ दाल मिल सिन्स टू इयर्स. बिफोर थ्री इयर्स आय पास्ड आउट फ्रॉम आयटीआय. नाइट शिफ्ट इज अफेक्टिंग ऑन माय हेल्थ. माय फ्रेंड टोल्ड टु मी दॅट यू हॅव लेस फिटर्स. आय कॅन जॉइन टिल फर्स्ट जून."

"सिन्स टू इयर्स"मध्ये पासून : "किती?"चे उत्तर आहे, म्हणून "फॉर", आणि काळ "हॅव बीन वर्किंग". "बिफोर थ्री इयर्स"मध्ये पूर्वी, आणि मोजणी आजपासून, म्हणून "थ्री इयर्स अगो". "पास्ड आउट" भारतात उत्तीर्ण झालो या अर्थाने चालते, पण भारताबाहेर त्याचा पहिला अर्थ बेशुद्ध पडलो असा घेतात. "कम्प्लीटेड" लिहा. "अफेक्टिंग ऑन"मध्ये वर, "टोल्ड टु मी"मध्ये ला. "लेस फिटर्स"मध्ये कमी : फिटर कमी "आहेत", म्हणून "फ्युअर". आणि कोणापेक्षा कमी हे सांगितले नाही, तेव्हा "यू आर शॉर्ट ऑफ फिटर्स" जास्त नेमके. "टिल फर्स्ट जून"मध्ये पर्यंत : रुजू व्हायचे एकदाच, म्हणून "बाय".

"आय हॅव बीन वर्किंग इन अ दाल मिल फॉर टू इयर्स. आय कम्प्लीटेड माय आयटीआय कोर्स थ्री इयर्स अगो. द नाइट शिफ्ट इज अफेक्टिंग माय हेल्थ. माय फ्रेंड टोल्ड मी दॅट यू आर शॉर्ट ऑफ फिटर्स. आय कॅन जॉइन बाय द फर्स्ट ऑफ जून."

वही कशी ठेवायची

दोनशे पानी वहीच्या पानावर उभ्या दोन रेघा मारून तीन रकाने करा. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात त्याचा प्रश्न, तिसऱ्यात आपल्या रोजच्या कामातली दोन वाक्ये, दोन्ही वेगवेगळ्या इंग्रजी शब्दांची. पुस्तकातली वाक्ये उतरवू नका. शेत, दुकान, बस, घर यांतलीच घ्या, कारण चूकही तिथेच होणार आहे.

जोडीतले दोन्ही शब्द एकाच दिवशी नवीन शिकू नका. दोन्ही कच्चे असताना एकत्र आले की एकमेकांत मिसळतात, आणि पेपरात "यातला कोणता?" एवढेच आठवते. आधी "फॉर" पक्का करा, त्याची दहा वाक्ये लिहा, दोन-तीन दिवसांनी "सिन्स" घ्या, आणि त्यानंतर दोघांना समोरासमोर आणा. आठवड्याला दोन मराठी शब्द पुरेत.

लिहून झालेला कोणताही इंग्रजी मजकूर पाठवण्याआधी एकदा मनात मराठीत वाचा. जिथे पासून, पूर्वी, पर्यंत, कमी, वर किंवा ला येईल त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढा, आणि फक्त तेवढीच ठिकाणे पुन्हा तपासा.